दारातलं जनावर : सोळा वर्षांनी पिल्लू येतंय

(वाचकांच्या प्रश्नांना निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांची उत्तरं)

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. मी अहमदपूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमच्याकडं खंड्या नावाचा कुत्रा होता. २००८च्या पोळ्याला तो गेला, तेव्हाच म्हणाले होते, आता पुन्हा कुत्रं पाळायचं नाही. सोळा-सतरा वर्षं ते पाळलं. आता मुलं पुण्याला, घर मोठं, मागं अंगण आणि आम्ही दोघंच. मी बासष्ट, हे अडुसष्ट. पुन्हा एक पिल्लू आणावं असं दोघांच्याही मनात आहे.

जावईबापू लॅब्राडोर घेऊन देतो म्हणतात. भाचा चाकूरकडचा आहे, तो जानवळहून कारवानी पिल्लू आणतो म्हणतो. शिवाय गल्लीतल्या तांबड्या कुत्रीला मी रोज भाकरी टाकते, तिला दिवाळी झाल्यावर पिल्लं झाली आहेत. यांतलं कोणतं घ्यावं? गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला आहे. खंड्याची साखळी आणि मागची पत्र्याची खोपी अजून आहे, ती चालेल का? आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. खंड्या मात्र दूध-भाकरीवर चौदा वर्षं जगला. त्यानं कधी घरात घाण केली नाही, कशाला तोंड लावलं नाही, दारात बसून असायचा. तसंच शहाणं पिल्लू मिळावं म्हणून काय तयारी करावी?
– एक वाचक, अहमदपूर

उत्तर : बाई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीची सगळी तयारी त्याच्यावरच अवलंबून आहे.

तुम्हाला आठवतोय तो खंड्या दहा-बारा वर्षांचा. घराची रीत अंगात मुरलेला, चालायचा कंटाळा आलेला, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद घेणारा. त्याचं पहिलं वर्ष आठवून बघा. आठवत नसेल तर घरच्या सरांना, म्हणजे यजमानांना विचारा, मुलांना फोन करून विचारा. कुणाची चप्पल पळवली होती, वाळत घातलेल्या कुरडयांचं काय केलं होतं, ते कुणाच्या तरी लक्षात असेलच. नोकरीत असताना ‘डॉक्टर, हे पिल्लू बिघडलंय, आमचं आधीचं असं नव्हतं’ म्हणत येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेक जण तुमच्यासारखेच, मधे बरीच वर्षं गेल्यावर पुन्हा कुत्रं पाळलेले. पिल्लाला काही झालेलं नसायचं. आधीच्या कुत्र्याचं म्हातारपण आणि या पिल्लाचं बाळपण असा सामना त्यांनी लावलेला असायचा, आणि त्यात पिल्लू हरणारच.

तेव्हा शहाणं पिल्लू शोधू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी दोन-तीन तासांपलीकडं धरवत नाही. झोपून उठलं की, खाऊन झालं की आणि खेळून दमलं की, या तीन वेळांना त्याला उचलून अंगणातल्या एकाच ठरावीक जागी न्यायचं. तिथं केलं की लगेच कौतुक करायचं. घरात केलं तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही, निमूट पुसून घ्यायचं. फिनेलनं पुसाल तर त्यानं ती जागा चाटू नये म्हणून नंतर साध्या पाण्याचा हात फिरवा. रात्री एकदा तरी उठावं लागेल. तुम्हा दोघांपैकी कोण उठणार हे आजच ठरवा. सरांचे गुडघे कसे आहेत? पट्टा, ताटली, अंथरूण यांची खरेदी एका संध्याकाळी होते. हे ठरवायलाच घरात चार दिवस लागतात.

आणि दात. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, म्हणून हाताला येईल ते ते चावतं. चपला उंचावर ठेवा, चार्जरच्या वायरी वर बांधा. जुनी सुती साडी फाडून, पीळ देऊन गाठ मारा आणि ती ओली करून त्याच्यापुढं टाका. बाजारातल्या दोनशे रुपयांच्या खेळण्यापेक्षा ती बरी.

आता कोणतं पिल्लू. मत विचारलंय म्हणून सरळ सांगतो : लॅब्राडोर नको. जात प्रेमळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिचं मूळ न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातलं. अंगावर दुहेरी केस, खादाड स्वभाव, आणि वाढल्यावर तीस किलोच्या आसपास वजन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. दिवसभर कूलरपुढं ठेवलेलं ते कुत्रं फिरत नाही, फुगतं, मग मांडीच्या सांध्यांची दुखणी सुरू होतात. शिवाय मांजर दिसल्यावर तीस किलोचं कुत्रं पट्ट्याला हिसका देईल तेव्हा तो पट्टा बासष्ट नाहीतर अडुसष्ट वर्षांच्या हातात असणार. जावईबापूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी लसीकरणाचा खर्च उचलावा.

कारवानीचं मात्र मला स्वतःला वेड आहे, त्यामुळं इथं जरा सावधपणानं बोलतो. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मीसाठी ओळखलं जातं. आखूड केसांचा तो कारवानी. कानाला आणि शेपटीला रेशमासारखी झालर असते तो पश्मी. कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात, आणि २००५मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. ऊन सोसणारी आणि आपल्या मातीत वाढलेली ही जात. पण हे नजरेनं शिकार हेरून पळणारं कुत्रं आहे. ससा, शेळीचं करडू, शेजारची कोंबडी, काहीही पळताना दिसलं की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. त्याला रोज मोकळं रान लागतं. भाच्याचं शेत असेल तर त्यानं तिथं जरूर पाळावं. तुमच्या अंगणात त्याचा जीव कोंडेल.

राहिली तांबडी. तुम्ही तिला रोज भाकरी टाकता, म्हणजे तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती माणसाला बुजते का, अंगावर येते का, पिल्लांजवळ तुम्हाला येऊ देते का, हे बघा. आईचा स्वभाव रोज डोळ्यांसमोर असण्याइतकी खात्री कुठला विकणाराही देणार नाही. मी तांबडीचंच एक पिल्लू घेईन, आणि जमलं तर मादी. लोक मादी नको म्हणतात ते पिल्लांच्या लेंढाराला भिऊन. पहिल्या माजाच्या सुमाराला डॉक्टरांशी बोलून नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं की तो प्रश्न मिटतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करा.

त्यासाठी पाडव्याचा मुहूर्त मात्र सोडावा लागेल. कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदात आणि पिल्लं कार्तिकात हा जुना हिशेब तुमच्या गल्लीतही जुळलेला दिसतो. पिल्लाला आठ आठवडे आईजवळ राहू द्या. चावा किती जोरात घेतला की समोरचं कळवळतं, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू ‘आता खातंय की’ म्हणून उचलून आणतात, ते पुढं हातापायांना चावत राहतं. आठ आठवडे म्हणजे संक्रांतीच्या आसपास. माणसं, मुलं, मोटारसायकल, कुकरची शिट्टी या सगळ्यांची भीती मोडायचा काळ तीन महिन्यांच्या थोडा पुढंपर्यंतच असतो. पाडव्यापर्यंत थांबलात तर तो गेला, आणि वरून लगेच उन्हाळा. संक्रांतीला आणलंत तर मे महिन्यात ते सहा महिन्यांचं, बऱ्यापैकी दणकट झालेलं असेल.

मधल्या काळात माळेगावची यात्रा आहे. खंडोबाला जाल, श्वान प्रदर्शनही बघाल, बघण्यासारखंच असतं. पण तिथून पिल्लू आणायचा मोह नको. इतक्या ठिकाणची जनावरं एका माळावर आली की रोगही एकत्र येतात. यात्रेहून आलात की चपला बाहेर काढा, हातपाय धुवा, मगच तांबडीच्या पिल्लांना हात लावा.

हे सांगतोय ते पार्व्हो या विषाणूच्या रोगामुळं. खंड्याच्या लहानपणी हे नाव तुमच्या कानावर आलं नसेल. आज लस न दिलेलं पिल्लू दगावतं ते बहुधा यानंच. उलट्या, खाणं बंद, मग घाण वासाची रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. असं दिसलं तर जिरे-पाणी, दही-भात करत एक रात्रही घालवू नका, सलाइनसाठी दवाखाना गाठा. हा विषाणू सावलीच्या जागी वर्षभरसुद्धा टिकतो. म्हणून गल्लीत किंवा शेजारी वर्षभरात असं पिल्लू गेलंय का, याची चौकशी करा. खंड्याच्या खोपीची या बाबतीत चिंता नको, इतकी वर्षं काहीही टिकत नाही.

पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढं डॉक्टर सांगतील तसा डोस आणि दर वर्षी एक. जंताचं औषध त्याआधीच सुरू होतं : दोन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. गोळी वजनावर असते, तेव्हा किराणा दुकानाच्या काट्यावर का होईना, वजन करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी एक चक्कर मारून विचारा, कुत्र्याची लस तिथं मिळते की बाहेरून आणायची. बाहेरून आणायची असेल तर दुकानातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच न्यायची. दोन ते आठ अंशांच्या वर राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं. आणि डोस पुरे होईपर्यंत पिल्लू गल्लीत जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन मात्र खुशाल सगळीकडं हिंडवा.

आता घराकडं बघा. जमिनीवर बसा आणि पिल्लाच्या उंचीवरून अंगण न्याहाळा. फाटकाच्या गजांमधून तुमची मूठ जात असेल तर त्याचं डोकंही जातं. खाली जाळी बांधा. हौदावर झाकण हवं. कण्हेर असेल, पिवळी असो की गुलाबी, तर काढा नाहीतर कुंपण घाला. तिची पानं, फुलं, बी सगळं विषारी आहे. उंदराचं औषध, सोयाबीनवर मारून उरलेल्या फवारणीच्या बाटल्या, कपाटातल्या डांबरगोळ्या हे सगळं कुलपात. सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही उशाखाली नकोत. आणि ताप आलाय म्हणून पिल्लाला माणसाची अंगदुखीची गोळी कधीही देऊ नका. कुत्र्याचं अंग एरवीच एकशे एक-दोन फॅरनहाइट असतं, हाताला गरम लागणारच.

खंड्याची साखळी आठवण म्हणून ठेवा, पिल्लाच्या गळ्यात घालू नका. साधा कापडी पट्टा आणा, दोन बोटं आत जातील इतका सैल, आणि वाढत्या मानेबरोबर दर आठवड्याला तपासा. पत्र्याच्या खोपीत मे महिन्यात एकदा दुपारी हात घालून बघा, मग तुम्ही स्वतःच ती मोडाल. पहिला महिना पिल्लाला घरातच, माणसांची चाहूल लागेल अशा जागी झोपवा. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडेल. तांबडीच्या अंगाखालचं पोतं अंथरुणाजवळ ठेवलंत तर कमी रडेल.

जेवणाचं सगळ्यात नाजूक. खंड्या दूध-भाकरीवर चौदा वर्षं जगला असं तुम्ही म्हणता. बाई, तो दिवसभर मोकळा असायचा, गल्लीत कुठं कुठं काय खाऊन यायचा हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. माळ तुमच्या गळ्यात होती, त्याच्या नव्हती. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात आणि नुसत्या ज्वारीत ती पुरेशी नाहीत. दूध जास्त झालं तर हगवण लागते. दही किंवा पनीर चांगलं पचतं. बिनाकांद्या-लसणाचं घट्ट वरण भाकरीत कुस्करून चालेल, पण काळ्या तिखटाचं कालवण अजिबात नको, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तालाच बाधतो. तरीही निदान पहिलं वर्ष पिल्लांसाठीचं तयार खाद्य यात असावंच. त्यात मांसाचा अंश असतो हे लपवत नाही. पिशवी अंगणातल्या डब्यात ठेवा, ताटली वेगळी ठेवा, स्वयंपाकघराचा संबंध येत नाही. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नरसीचे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगितलीच असेल. भाव तोच ठेवा, तूप मात्र वगळा. पिल्लाला पचत नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट नातवंडांच्या हातून जाणार नाही याकडं लक्ष असू द्या. शिजवलेली हाडं तुमच्याकडं येत नाहीतच, पण शेजारी प्रेमानं टाकतील. त्यांना सांगून ठेवा, ती चावताना फुटून आत टोचतात.

एक विचारायचंच आहे. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं. आषाढीला तुम्ही पंढरपूरला जाता, मधेच पुण्याला मुलांकडं महिनाभर राहता, तेव्हा या पिल्लाकडं कोण बघेल? उद्या दोघांपैकी एकाला दवाखान्यात राहावं लागलं तर? भाचा असेल, शेजारीण असेल, पण ते माणूस आत्ताच ठरवून पहिल्या दिवसापासून पिल्लाच्या ओळखीचं करा. असं कुणीच नसेल तर पिल्लू आणू नका. तांबडीला फाटकाच्या आत घ्या. तिला लस द्या, नसबंदी करा, पट्टा घाला. ती आधीच तुमची आहे, घाण बाहेर करायचं वळण तिला चार दिवसांत लागेल, आणि दारात बसून राहणारं शहाणं कुत्रं तुम्हाला हवं आहे ते तेच.

प्रश्न : आमच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला फार गोचीड झाले आहेत. गोठ्यात गायीचं गोचिडाचं औषध आहे. तेच थोडं लावू का? इंजेक्शनची बाटलीही आहे.
– एक शेतकरी, जिंतूर

उत्तर : दोन्ही नको. ते इंजेक्शन गायीला पन्नास किलोला एक मिली या हिशेबानं असतं. पिल्लू दोन-तीन किलोचं, म्हणजे मात्रा जेमतेम एका थेंबावर येते. घरच्या सुईनं थेंब मोजत बसलात तर पिल्लू लटपटायला लागेल, कदाचित उठणारही नाही. रॉकेल किंवा जळकं ऑइल चोळायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, बोटानं चिरडू नका. पिल्लाच्या वयाचं आणि वजनाचं औषध डॉक्टरांकडून घ्या. त्याच दिवशी भिंतीच्या भेगा बुजवा, अंथरूण उन्हात टाका. कुत्र्याचा गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्यावर नसतोच, भेगांमध्ये असतो, आणि एक मादी हजारांनी अंडी घालते. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली तर तो गोचीडताप समजा आणि थांबू नका.

प्रश्न : नवीन आणलेल्या पिल्लाचा खेळताना मुलीच्या हाताला दात लागला, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी हळद-चुना लावला. पिल्लू दोनच महिन्यांचं आहे. इंजेक्शन घ्यावंच लागेल का? पूर्वी पोटात चौदा घ्यावी लागत, त्याची तिला भीती वाटते.
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : ताई, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून कार्यालयातून तुम्हाला फोन केलाच आहे; इतरांसाठी लिहितो. हो, घ्यावंच लागेल. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दात लागल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. चुना लागलाच असेल तर तोही धुऊन काढा. मग थेट सरकारी दवाखाना, तिथं लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं आणखी एक इंजेक्शन असतं, ते आवर्जून विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता दंडात देतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, काही ठिकाणी चौदाव्या दिवशीही. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवा, ते खातंय-खेळतंय का पाहा आणि डॉक्टरांना सांगा. पिल्लाचं लसीचं कार्ड असेल तर सोबत न्या. नसेल तर ते शोधत बसू नका, तसंच निघा.